शंकेचा फायदा कुणाला?



गेल्या महिन्यात माझा भाचा सुट्टीला पुण्याहून आमच्याकडे नगरला आला होता. बारावीत आहे. एका रात्री इशानंतर तो मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मामू, काय माणूस होता हा! बायकोच्या यारला गोळ्या घातल्या, स्वतः पोलिसांत गेला आणि कोर्टातून ताठ मानेने सुटला." त्याने 'रुस्तम' पाहिला होता. २०१६ चा, अक्षय कुमारचा. या भूमिकेसाठी अक्षय कुमारला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. मी म्हटलं, "तो सुटला नाही, बेटा. त्याला जन्मठेप झाली होती." भाच्याचा विश्वास बसेना.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलाला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं. मुलगा आमच्या भाच्याच्याच वयाचा. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. संध्याकाळपर्यंत त्या मुलाचा पोलिसांच्या गाडीत बसतानाचा व्हिडिओ गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये होता. भाच्यानेही पाहिला आणि जेवता जेवता म्हणाला, "चोरच असणार. पोलीस उगाच कुणाला धरतात का?"

एकाच मुलाच्या तोंडची ही दोन वाक्यं. ज्याने गोळ्या घातल्याचं कोणीच नाकारलं नव्हतं, त्याच्यासाठी टाळ्या. आणि ज्याच्याबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं, त्याच्यावर शिक्का. मी तेव्हा काही बोललो नाही. पण या महिन्याच्या सदराचा विषय मला तिथेच मिळाला.

आधी त्या पहिल्या माणसाची खरी हकीकत सांगतो, कारण आपल्या घरांत ती सिनेमातूनच पोहोचली आहे.

कावस माणेकशा नानावटी हे भारतीय नौदलात कमांडर होते. पारशी, देखणे, हुशार अधिकारी. पत्नी सिल्व्हिया इंग्रज होती, तीन मुलं होती. नोकरीमुळे नानावटी महिनोन्‌महिने समुद्रावर असत. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतल्या घरी सिल्व्हियाने त्यांना सांगितलं की आपलं प्रेम आहूजा या माणसावर मन जडलं आहे. आहूजा हा मोटारींचा व्यापारी, सिंधी, अविवाहित आणि या कुटुंबाच्या ओळखीचाच.

नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. तिथून ते आपल्या जहाजावर गेले, वेगळंच कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. मग आहूजाच्या ऑफिसात गेले. तो तिथे नव्हता, म्हणून नेपियन सी रोड भागातल्या त्याच्या घरी गेले. आहूजा नुकताच आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. बेडरूमचं दार बंद झालं, तीन गोळ्या सुटल्या आणि आहूजा मेला. नानावटी तिथून निघाले ते थेट पोलिसांकडे हजर झाले.

आता वाद कशाचा होता? बचाव पक्षाचं म्हणणं असं: नानावटींनी आहूजाला एवढंच विचारलं की तू सिल्व्हियाशी लग्न करशील का आणि मुलांना सांभाळशील का. आहूजाने घाणेरडं उत्तर दिलं, झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाचं म्हणणं असं: झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल जागेवर कसा राहिला? आणि रिव्हॉल्व्हर आणायला जहाजावर जाणारा माणूस नुसता प्रश्न विचारायला निघाला होता का? म्हणजे माणूस मेला कुणाच्या हातून, हा वादच नव्हता. ते अपघाताने झालं, रागाच्या भरात झालं की ठरवून झालं, एवढाच वाद होता.

तेव्हा मुंबईत असे खटले ज्युरीपुढे चालत. ज्युरी म्हणजे कायद्याचं शिक्षण नसलेले नऊ सामान्य नागरिक. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. तुमच्या-माझ्या मुलांनी पाहिलेला सिनेमा इथे संपतो. खरा खटला मात्र संपला नाही. पुराव्याकडे पाहता कोणतीही समजदार माणसं असा निकाल देऊ शकत नाहीत, असं न्यायाधीशांचं मत पडलं आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये खुनासाठी जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. सुप्रीम कोर्टाने घड्याळाकडे बोट दाखवलं. घरातून निघाल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. तेवढ्या वेळात माणसाचा राग शांत होऊ शकतो. इतक्या वेळानंतरच्या कृत्याला अचानक भडकलेल्या रागाची सवलत देता येत नाही.

आता बाहेर काय चाललं होतं ते ऐका. 'ब्लिट्झ' नावाचं एक साप्ताहिक होतं, रूसी करंजिया त्याचे संपादक. त्यांनी आठवड्यामागून आठवडे नानावटींची बाजू अशी लढवली की पंचवीस पैशांचा अंक लोक दोन रुपयांना घेऊ लागले. रस्त्यावर खेळण्यातली 'नानावटी पिस्तुलं' आणि 'आहूजा टॉवेल' विकले जात. पारशी समाजाने मोठी सभा घेतली. नौदल त्यांच्या पाठीशी होतं. हायकोर्टाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित केली, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत कमांडरना साध्या तुरुंगात जावं लागू नये. सुप्रीम कोर्टाला पुढे सांगावं लागलं की अपील आमच्यापुढे असताना राज्यपालांचा हा अधिकार असा चालत नाही.

या खटल्यामुळे देशातली ज्युरी बंद झाली असं सगळे सांगतात. ते पूर्ण खरं नाही. ज्युरी आधीच बऱ्याच ठिकाणी मोडीत निघत होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिचा शेवट केला. पण नऊ माणसं घरी पेपर वाचतात, रस्त्यावरच्या घोषणा ऐकतात आणि मग कोर्टात बसून निकाल देतात, याचा धोका या खटल्याने सगळ्या देशाला दाखवला, हे मात्र खरं.

शेवटी नानावटींना माफी मिळाली. विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना, तीनेक वर्षांच्या कैदेनंतर ते सुटले. ती माफी देण्यापूर्वी आहूजाची बहीण मॅमी हिची लेखी संमती घेतली गेली होती. पुढे १९६८ मध्ये नानावटी बायको-मुलांसह कॅनडाला गेले आणि २००३ मध्ये तिथेच वारले.

मॅमीच्या नावाशी मी नेहमी थांबतो. तिच्या भावाचा खून झाला होता. शहराने त्या भावाला खलनायक केलं, त्याच्या टॉवेलची खेळणी केली. खटला नानावटींवर होता, पण रस्त्यावर शिक्षा मेलेल्या माणसाला झाली. तरी शेवटी सहीसाठी तिच्याच दारात यावं लागलं. आपल्या दीनमध्ये खुनाची माफी देण्याचा हक्क मरणाऱ्याच्या वारसांना आहे, हे आपल्याला माहीत आहे. त्या हक्कामागचं शहाणपण मला या बाईमुळे नीट कळलं. माफी द्यायचा अधिकार वर्तमानपत्राला नाही आणि गर्दीलाही नाही, ज्याचं माणूस गेलं त्याला आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतल्या पुरुषांसाठी. नानावटींचं नाव निघालं की "त्याने बरोबर केलं" म्हणणारे आपल्यातही भरपूर आहेत. इज्जतीचा प्रश्न होता म्हणतात. बायकोवर असा आरोप असलेल्या नवऱ्यासाठी शरीअतने मार्ग ठेवले आहेत. लिआन आहे, काझीसमोर शपथ घ्यायची आहे, वेगळं व्हायचा रस्ता आहे. रिव्हॉल्व्हर घेऊन कुणाच्या बेडरूममध्ये शिरायचा मार्ग ठेवलेला नाही. आज पडद्यावर ज्याला आपण मर्द म्हणून दाद देतो, तोच विचार उद्या एखाद्या बहिणीच्या किंवा मुलीच्या गळ्यापर्यंत येतो. मुलं आपली दाद ऐकत असतात.

आता दुसरी हकीकत. ही कुठल्या सिनेमात नाही.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, बेलतगव्हाण इथे, जून २००३ मध्ये पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचा जीव गेला. बायकांवर अत्याचार झाले. वाचलेल्या आईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली. पण पुढे खटला चालला तो दुसऱ्याच सहा जणांवर. ते भटक्या जमातीतले, मजुरी करणारे लोक होते. २००६ मध्ये सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सवलतही काढून घेतली आणि पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

त्या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठराच्या आतला होता. कोर्टाने ते मान्य केलं २०१२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी. ५ मार्च २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने आपलाच जुना निकाल मागे टाकून सहाही जणांना निर्दोष सोडलं. सुरुवातीला ओळखलेल्या चार माणसांचा तपास का झाला नाही, असा प्रश्न विचारला. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असा आदेश दिला. आयुष्याची सोळा वर्षं गेली होती. आणि ज्या आईचं घर बुडालं, तिचे खरे गुन्हेगार बाहेरच राहिले.

या सहांसाठी कुणी साप्ताहिक काढलं नाही. त्यांच्या नावाची खेळणी विकली गेली नाहीत. कुठल्या समाजाने सभा घेतली नाही. शंका तर त्यांच्या बाबतीत किती तरी मोठी होती! नानावटींच्या बाबतीत शंका फक्त हेतूबद्दल होती. इथे माणसंच चुकीची होती. तरी शंकेचा फायदा एकाला पहिल्याच आठवड्यात बाजारात मिळाला आणि दुसऱ्यांना सोळा वर्षांनी कोर्टात. फरक पुराव्याचा नव्हता. एकाच्या अंगावर पांढराशुभ्र गणवेश होता आणि दुसऱ्यांच्या अंगावर मळके कपडे.

इथपर्यंत वाचून आपल्यातले बरेच जण मनात म्हणत असतील, "हो, आपल्या पोरांचं हेच होतं." ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. एकशे ऐंशीहून जास्त माणसं मेली. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी दिली. तेरावा आरोपी तेव्हा नऊ वर्षांच्या कैदेनंतर निर्दोष सुटला. २१ जुलै २०२५ रोजी हायकोर्टाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तो निकाल ऐकायला जिवंत नव्हता, २०२१ मध्ये कैदेतच वारला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागलं नाही, पण त्या निकालाचा दाखला तूर्त दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

ही हकीकत आपल्याला जवळची वाटते, आणि वाटणारच. पण इथे आपल्यालाही आरशात पाहावं लागेल. आरोपी आपला असला की पुरावा न वाचता आपण म्हणतो, "फसवलंय." आरोपी दुसऱ्याचा असला की पुरावा न वाचता म्हणतो, "लटकवा." १९५९ मध्ये सभा घेणारे आपल्या माणसासाठीच उभे होते. ते वाईट लोक नव्हते. पण माणूस आपला आहे म्हणून त्यांनी निकाल आधी ठरवला आणि कारणं नंतर शोधली. त्या लोकलच्या डब्यांत मेलेल्या माणसांच्या घरच्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही, हे दुःखही आपल्याला आपलं वाटलं पाहिजे. इन्साफ मागायचा तर तो पूर्ण मागायचा. अल्लाहने तर स्वतःच्या, आई-बापाच्या विरुद्ध गेली तरी खरी साक्ष द्यायला सांगितलं आहे.

आता आमच्या गल्लीकडे येतो.

त्या मुलाच्या आईकडे शिवायला कपडे देणं बायकांनी दोन दिवसांत बंद केलं. आमच्या घरातला एक सलवारही तिच्याकडे होता. बायको म्हणाली, "मागवून घेऊ का?" मग तीच म्हणाली, "नको. आपणच जाऊ." आम्ही भाच्यालाही बरोबर घेतलं. आपा दारातच उभी राहिली, आत या म्हणायलाही तिला संकोच वाटत होता. तिने पहिला प्रश्न विचारला तो पोराबद्दल नव्हता. ती म्हणाली, "भाईजान, पेपरात नाव आलंय का?" पेपरात नव्हतं. मोबाईलमध्ये होतं, ते तिला माहीत नव्हतं. भाचा खाली मान घालून बसला.

मी तिला मुलाचं वय विचारलं. अठराला चार महिने कमी होते. मला नाशिकचा तो मुलगा आठवला, ज्याचं वय मान्य व्हायला नऊ वर्षं गेली. मी म्हटलं, "आपा, शाळा सोडल्याचा दाखला आहे का?" तिने पेटीतून तो काढला, आधार कार्डाच्या आणि जुन्या रेशनकार्डाच्या मधून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो घेऊन गेलो. त्या एका कागदामुळे मुलगा मोठ्यांच्या कोर्टाऐवजी बाल न्याय मंडळापुढे गेला आणि चार दिवसांनी घरी आला. केस अजून चालू आहे.

त्याने चोरी केली की नाही, मला माहीत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. तो निर्दोष आहे असं समजून मी त्याच्या घरी गेलो नव्हतो. ठरलेलं नाही, म्हणून गेलो होतो. उद्या त्याने चोरी केल्याचं सिद्ध झालं तरी त्या आईच्या घरचा चहा घेतल्याचा मला पस्तावा होणार नाही.

प्रत्येक घरासाठी काही कामाच्या गोष्टी सांगून संपवतो. घरातल्या प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला एका ठिकाणी जपून ठेवा. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं आणि त्याला वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बायका, मुलं आणि कोठडीत असलेली माणसं यांना तिथून मोफत वकील मिळतो. आपल्याकडचे लोक उगाच कर्ज काढतात, दागिने मोडतात, आणि हे ऑफिस माहीत नसतं. अठराच्या आतल्या मुलावर आरोप असेल तर त्याचं नाव किंवा चेहरा पसरवणं हा स्वतःच गुन्हा आहे. तो व्हिडिओ पुढे पाठवणारा आपल्या घरातला असेल तर त्याला आजच थांबवा. आणि मुलांना तीन शब्दांतला फरक शिकवा: संशयित, आरोपी, दोषी. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचा रस्ता कोर्टातून जातो, आपल्या ओट्यावरून जात नाही.

भाचा पुण्याला जायच्या आदल्या रात्री पुन्हा मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसला. मला वाटलं आता आणखी एखादा सिनेमा. त्याने ग्रुप उघडला, तो व्हिडिओ शोधला आणि पुसून टाकला. मग म्हणाला, "मामू, मी चार जणांना पाठवला होता. त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "जे मला सांगितलंस तेच सांग. त्यांना फोन करून सांग."

त्याने चारही फोन माझ्यासमोर केले.